आगगाडीभोंवतालचा गांव

खेळण्यांतील आगगाडीचे रूळ जोडले, एंजिनानें दोन फेऱ्या सुरळीत मारल्या, म्हणजे घरांतील मंडळींचें कुतूहल बहुधा तेथेंच संपतें. गाडी कोठून निघाली आणि कोणासाठीं निघाली, हें नुसत्या रुळांवरून कळत नाहीं. तें सांगण्याचें काम घरें, वाहनें आणि जनावरें करितात. म्हणून या खेपेस त्यांच्याविषयीं चार शब्द वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या घरीं नातवंडांनीं मोठ्या लांकडी फळीवर नेरळ-माथेरानची गाडी उभारावयास घेतली आहे. मूळ रेल्वे १९०७ सालीं सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघें दोन फूट. नमुन्यासाठीं १ : ८७ हें जगभर रूढ असलेलें प्रमाण मुलांनीं घेतलें. या हिशेबानें पावणेसहा फुटी मनुष्य २० मिलिमीटर, १.३ मीटर उंचीचें तट्टू १५ मिलिमीटर आणि २.१ मीटरचा दरवाजा २४ मिलिमीटर भरतो. घर करतांना प्रथम दार कापावें, त्यापाशीं माणूस उभा करून पाहावा. मग भिंत, मग छप्पर. दार चुकलें कीं सारें घर चुकलें.

प्रमाणाच्या मागोमाग काळ येतो. इंग्लंडांतील ऑक्सफर्डशायर परगण्यांत पेंडन नांवाचें, १९५४ सालीं स्थापिलेलें एक संग्रहालय आहे. तेथें १९३० च्या सुमाराचीं खेडीं पुठ्ठ्यावर एकेक दगड कोरून, जलरंगांनीं रंगवून उभीं केलेलीं आहेत. आम्हींहि मुलांस एक साल ठरवावयास लाविलें. त्यांनीं १९३५ ठरविलें. त्यासरशीं निम्मे प्रश्न आपोआप सुटले. वाफेचें एंजिन निश्चित झालें. माथेरानच्या डोंगरावर मोटारींस आजहि मज्जाव आहे. रुग्णवाहिका व अलीकडच्या ई-रिक्षा हे काय ते अपवाद. तेव्हां थोरल्या नातवाच्या रंगीबेरंगी मोटारी पेटींत गेल्या आणि एकच काळी मोटार नेरळ स्टेशनाबाहेर उभी राहिली. वर डोंगरावर घोडे, माणसांनीं ओढावयाच्या रिक्षा आणि हमाल.

माथेरानची माती तांबडी व पाऊस दांडगा. म्हणून छपरें उतरतीं करावीं, विटेची पूड चाळून डिंकावर पसरावी, आणि भिंतींच्या तळाशीं गुडघाभर उंचीपर्यंत तांबूस छटा द्यावी. घर फळीवर नुसतें ठेवूं नये. पाया थोडा मातींत रोवावा, नाहींतर तें अधांतरीं दिसतें. घोडेहि कवायतीसारखे एका ओळींत नकोत. दोन सावलींत, एक हौदाशीं, एक पाठीवर ओझें घेऊन चढणीवर, असे ठेवले म्हणजे कोणी आलें, कोणी जाणार आहे, असें वाटूं लागतें.

येथवर सर्व यथास्थित चाललें होतें. एके दिवशीं धाकट्या नातवानें दिवाळींतल्या किल्ल्यावरचा मातीचा वाघ आणून थेट फलाटावर बसविला. वाघ तीन इंच उंच. म्हणजे आमच्या हिशेबानें साडेसहा मीटर, दुमजली घराएवढा! आम्हीं लागलीच अकराव्या शतकांतील काश्मीरच्या क्षेमेंद्र पंडिताचा औचित्यविचार त्यास ऐकविला: कंबरपट्टा गळ्यांत घालणाऱ्यास लोक हंसतात, तसेंच हेंहि. मुलानें निमूटपणें वाघ उचलला. नंतर चार दिवस तो फळीकडे फिरकला नाहीं. आमचें व्याख्यान बिनचूक होतें, पण ऐकणारा सहा वर्षांचा होता, हें औचित्य आम्हींच विसरलों होतों.

पांचव्या दिवशीं आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “तुमच्या हिशेबांत वाघ बसला नाहीं, निदान मुलाला तरी बसवा.”

मग उपाय सुचला. डोळ्याजवळची वस्तु मोठी व दूरची लहान दिसते. या न्यायानें पाठीमागच्या डोंगरावर लहान प्रमाणाचीं घरें मांडून अंतराचा भास करितात, हें आम्हांस ठाऊक होतें. तोच न्याय उलट लाविला. फळीच्या अगदीं पुढच्या कोपऱ्यांत, रुळांपासून दूर, आम्हीं दोघांनीं मातीची गुहा केली आणि वाघाचें तोंड तेवढें बाहेर ठेविलें. आतां पाहणारा प्रथम वाघाच्या खांद्यावरून पाहतो, आणि पलीकडे दरींत गाडी दिसते. गणिती काटेकोरपणा थोडा ढळला आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं.

काल धाकट्यानें फूटपट्टी घेऊन विचारलें, “आजोबा, माकड किती मिलिमीटर?” बसलेलें माकड अर्धा मीटर धरलें तर पावणेसहा, म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढें. सध्यां घरांत कणकेचीं माकडें वाळत आहेत.