सेवकास थांबविण्याची रीत

लखनौच्या अमीनाबाद बाजारातील चिकनकापडाचा व्यापारी दुकान मिटताना आधी नवे गिऱ्हाईक घेणे थांबवितो, आत बसलेल्यांचा हिशेब चुकता करतो आणि मगच दार ओढतो. १९९१ साली जन्मलेल्या लिनक्स प्रणालीत पडद्याआड राबणाऱ्या सेवक-कार्यक्रमासही हाच न्याय लावावयास हवा. १५ क्रमांकाचा संकेत विनंतीवजा असतो. तो मिळताच सुघटित कार्यक्रम हातचे काम पुरे करून नोंदी जतन करतो. ९ क्रमांकाचा संकेत मात्र कार्यक्रमापर्यंत पोहोचतच नाही. प्रणालीचा गाभा त्यास तत्क्षणी संपवितो. ग्रंथालयाची देवघेव-वही अशा सेवकाच्या हाती असेल, तर परत आलेले पुस्तकही वाचकाच्या नावे राहण्याचा संभव असतो. म्हणून आरंभीच ९ चा आघात करण्याची सवय त्याज्य होय. विनंतीस न जुमानणाऱ्या सेवकापुरताच तो योग्य. सिस्टिमडी ही व्यवस्थापक यंत्रणादेखील सामान्यतः ९० सेकंद थांबून मगच बळ वापरते. जुना सेवक खरोखर थांबल्याची खात्री झाल्यावरच नव्यास आरंभ करावा. एरवी जुन्याने दार अडविलेले असते आणि नव्यास आत प्रवेश मिळत नाही.