आवाज आपला, यंत्र परक्याचे!

31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी' तयार नव्हता. हा इतिहास आंबेडकरी जनतेला तोंडपाठ आहे. विकत मागूनही जागा मिळेना, म्हणून बाबासाहेबांनी स्वतःचीच पत्रे काढली. 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' ही त्याच निर्धाराची पुढची पावले होती. आज आमच्या वस्तीतल्या पोराच्या खिशात मोबाईल आहे. त्याला कोणा संपादकाची परवानगी लागत नाही. मग माध्यमांची लढाई आपण जिंकलो काय?

मोबाईलने काय दिले ते आधी मान्य केले पाहिजे. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. प्रस्थापित माध्यमांनी सुरुवातीला तिला अनैतिक संबंधांचा रंग दिला. मोठ्या वाहिन्यांना जाग आली ती जनता रस्त्यावर उतरल्यानंतर! 11 जुलै 2016 रोजी गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आमच्या तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. मारणाऱ्यांनीच त्याचे चित्रीकरण करून ते पसरवले. दहशत बसावी हा हेतू होता, घडले उलटेच. देश पेटून उठला आणि गुजरातच्या दलितांनी मेलेली जनावरे सरकारी कार्यालयांपुढे नेऊन टाकली.

20 मार्च 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट केली. तेव्हा 2 एप्रिलच्या भारत बंदची हाक पक्षांच्या व्यासपीठांपेक्षा मोबाईलवरूनच गावोगाव पोहोचली. त्या दिवशी माणसांचे बळी गेले. पण ऑगस्ट 2018 मध्ये संसदेला कायद्यात दुरुस्ती करावीच लागली. 2019 च्या एका पाहणीत देशातील वृत्तमाध्यमांतल्या वरिष्ठ 121 जागांपैकी 106 जागांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. असे वृत्तकक्ष आमची दुःखे आपणहून मांडतील, ही आशा भाबडी आहे.

परंतु या यंत्राची कळ आमच्या हाती नाही, हेही तेवढेच खरे. त्याच बंदच्या वेळी पंजाब सरकारने मोबाईल इंटरनेट बंद ठेवले. कोणता मजकूर वर आणायचा आणि कोणता दाबायचा, हे दूरदेशीच्या कंपन्या आपल्या नफ्याच्या हिशेबाने ठरवतात. शिवाय अफवाही याच वाटेने धावते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. पोटासाठी फिरणारे भटके मोबाईलवरच्या अफवेचे बळी ठरले! तंत्रज्ञान जात पाहत नाही असे सांगणाऱ्यांनी या पाच प्रेतांची जात विचारावी.

आमचा मुख्य मुद्दा याहून पुढचा आहे. बोभाटा म्हणजे न्याय नव्हे. खैरलांजीत आरोपींना शिक्षा झाल्या, पण अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा ना 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयात सिद्ध झाला, ना 2010 मध्ये उच्च न्यायालयात. रस्त्यावर जे सत्य लाखोंनी मानले, ते कोर्टाच्या कागदावर उतरले नाही. आज अत्याचाराची चित्रफीत क्षणात हजारो मोबाईलवर जाते. आपण संताप व्यक्त करतो, पुढे ढकलतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. हातोहात फिरून आलेल्या फितीतली वेळेची व ठिकाणाची मूळ नोंद बहुधा पुसली गेलेली असते. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार अशा पुराव्याला प्रमाणपत्र लागते. ज्या मोबाईलवर चित्रीकरण झाले तोच हरवला, तर वकिलाने काय करायचे?

म्हणून प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी मूळ चित्रीकरण जपून ठेवण्याची, तारीख व साक्षीदार लिहून घेण्याची आणि ते त्याच दिवशी वकिलापर्यंत नेण्याची शिस्त लावावी. पीडित भगिनीचा चेहरा व नाव कदापि पसरवू नये. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 15 अ नुसार न्यायालयीन कामकाजाचे चित्रीकरण व्हायला हवे. ते आमच्या किती वकिलांनी मागितले? बाबासाहेबांच्या नावावर खोटी वचने फिरतात. ती पुढे पाठवण्याआधी शासनाने प्रसिद्ध केलेले खंड उघडून पाहावेत.

आणि शेवटी पैशाचे बोलू. 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले, तरी पुढे ते बंद पडले. विचार स्वतःचा असून भागत नाही, छापखानाही स्वतःचा लागतो. दर महिन्याला न चुकता मोबाईलचे रिचार्ज करणारा आमचा माणूस चळवळीच्या पत्राची वर्गणी भरताना मात्र हात आखडतो. परक्याच्या फुकट यंत्रावर ज्यांचा आवाज उभा आहे, त्यांना मुके करायला एक कळ पुरते. ती वेळ येण्याआधी वर्गणीची पावती फाडा!