२५ डिसेंबर कुणाचा?

‘नाताळ मुळात ख्रिस्ती सणच नाही. तो रोमन सूर्यपूजकांचा सण होता, तेव्हा खऱ्या ख्रिस्ती माणसाने तो पाळू नये.’ हे मत अलीकडे मी आमच्याच घरातल्या मुलांच्या तोंडून ऐकते. साडेचारशे वर्षं ख्रिस्ती असलेल्या वसईच्या घरांतली ही मुलं शिकायला, नोकरीला बॉस्टनच्या आसपास येतात. एखाद्या कडक पंथाच्या बायबल-वर्गाला जाऊ लागतात. मग पहिल्याच डिसेंबरात आईला फोनवर सांगतात, की यंदा नेवऱ्या पाठवू नकोस, मी पेगन सण पाळत नाही. आईला ‘पेगन’ म्हणजे काय ते कळत नाही. पण आपण जन्मभर देवाच्या मनाविरुद्ध वागत आलो, असं आपल्या लेकराला वाटतं, एवढं तिला बरोबर कळतं आणि ते तिच्या जिव्हारी लागतं.

मुलांचा हेतू वाईट नाही. आपली भक्ती निर्भेळ असावी असं त्यांना वाटतं, आणि अशी तळमळ असलेल्या मुलाला ‘गप्प बस, आपल्यात असंच करतात’ म्हणून भागत नाही. मी माझी बाजू आधीच सांगून टाकते: ख्रिस्ती माणसाने नाताळ आणि ईस्टर निःशंकपणे साजरे करावेत. सण कुठून आला यापेक्षा तो करताना आपण कुणापुढे गुडघे टेकतो, हे देवाच्या लेखी मोठं आहे.

पण आधी इतिहास, कारण छोट्या व्हिडिओंमध्ये सांगतात तितका तो सरळ नाही. इसवी सन ३५४ मध्ये रोममध्ये तयार झालेलं एक पंचांगवजा संकलन प्रतींच्या रूपाने आजही वाचायला मिळतं. त्यातल्या दिनदर्शिकेत २५ डिसेंबरला ‘अजिंक्य’ देवाचा, म्हणजे सूर्याचा, जन्मदिन आणि त्यानिमित्त रथांच्या ३० शर्यती अशी नोंद आहे. त्याच संकलनात हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची यादी आहे, आणि तिची पहिलीच नोंद २५ डिसेंबरला ख्रिस्ताचा बेथलेहेममधला जन्म सांगते. ही यादी ३३६ च्या सुमाराची असावी, असं अभ्यासक मानतात. म्हणजे दोन्ही नोंदी एकाच बाडात शेजारी नांदताहेत. कुणी कुणाकडून दिवस घेतला, हे ते बाड सांगत नाही. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये रोममध्ये सूर्याचं देऊळ उभारलं हे खरं, पण ते २५ डिसेंबरलाच, असं सांगणारा त्या काळचा पुरावा नाही. वरच्याच दिनदर्शिकेत सूर्याचे मोठे खेळ ऑक्टोबरात दाखवले आहेत. राहिला सॅटर्नेलिया हा रोमन सण. तो १७ डिसेंबरला सुरू होई आणि लांबवला तरी २३ ला संपे.

दुसरा एक हिशेब ख्रिस्ती लोकांचा स्वतःचा आहे. येशूला क्रूसावर दिलं तो दिवस २५ मार्च, असं उत्तर आफ्रिकेत २०० च्या सुमारास टर्टुलियन लिहून गेला. मरियेच्या उदरी गर्भधारणा झाली तीही त्याच तारखेला, अशी श्रद्धा पुढे रूढ झाली. तिथून नऊ महिने मोजा, २५ डिसेंबर येतो. संत ऑगस्टीनने हे गणित स्पष्ट मांडलं आहे. सूर्याच्या सणाचा या तारखेशी काहीच संबंध नव्हता, असं मी म्हणणार नाही. विद्वानांत हा वाद चालू आहे. पण चर्चने मूर्तिपूजकांचा दिवस उचलला, हे सिद्ध झालेलं सत्य म्हणून मुलांच्या गळी उतरवणं बरोबर नाही.

ईस्टरबद्दलची कथा तर याहून कच्ची आहे. ‘ईस्टर’ हे इंग्रजी नाव इश्तारसारखं ऐकू येतं, म्हणून बॅबिलोनच्या इश्तार देवीवरून तो आला, असं छातीठोकपणे सांगतात. येशूच्या मरणाची आणि पुनरुत्थानाची आठवण ख्रिस्ती लोक यहुद्यांच्या वल्हांडणाच्या सुमारास करत आले आहेत. ती कोणत्या दिवशी करावी यावरून रोम आणि आशिया मायनरच्या चर्चमध्ये १९० च्या सुमारास जोरदार भांडण झालं होतं, आणि तेव्हा इंग्रजी भाषा जन्मालाही आली नव्हती. ‘ईस्टर’ हा शब्द ज्या देवीवरून आला म्हणतात, त्या इओस्त्रेचा उल्लेख आहे तो इंग्लंडच्या बीड या मठवासीयाच्या ७२५ मधल्या ग्रंथात, आणि तोही महिन्याच्या नावापुरता.

समजा, तरीही, की २५ डिसेंबर खरोखरच सूर्याचा होता. मग काय? पाचव्या शतकात पोप लिओ पहिले यांनी नाताळच्या प्रवचनात आपल्याच माणसांना खडसावलं होतं. कारण काही ख्रिस्ती लोक संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्या चढून गेले, की मागे वळून उगवत्या सूर्याला मान लववत. लिओंनी ती मान लववण्याची सवय मोडायला सांगितली. नाताळ बंद करा, असं सांगितलं नाही. प्रार्थना कुणाला चालली आहे यावर त्यांचं लक्ष होतं, आणि मला वाटतं चर्चने याबाबतीत घालून दिलेला हा सर्वांत शहाणपणाचा धडा आहे.

आपण राहतो त्या मॅसॅच्युसेट्सने नेमका उलटा मार्ग धरून पाहिला आहे. १६५९ मध्ये इथल्या प्युरिटन सत्तेने कायदाच केला: नाताळ म्हणून जो काम बंद ठेवील किंवा मेजवानी करील त्याला पाच शिलिंग दंड. १६८१ मध्ये तो कायदा गेला, पण मत गेलं नाही. आज मुलं मला जे सांगतात तेच बॉस्टनचे धर्मगुरू इन्क्रीज मॅदर यांनी १६८७ मध्ये छापून सांगितलं होतं, की हा दिवस सॅटर्नेलियावरून घेतला आहे. ही माणसं बायबल कोळून प्यायलेली होती, त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पण ज्या बायबलच्या आधारे हा सण काढून टाकायचं ते ठरवत होते, त्यातच पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा १४ वा अध्याय आहे. एखादा माणूस एक दिवस विशेष मानतो, दुसरा सगळे दिवस सारखेच मानतो. दोघांनी एकमेकांचा न्याय करू नये, असं पौल तिथे सांगतो. यात दंडाला जागा नाही.

आम्हा कोकण-गोव्याकडच्या ख्रिस्ती लोकांना तर शुद्धीकरणाची ही हौस काय करते ते फार जवळून माहीत असायला हवं. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, एक हुकूम काढला. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या ग्रंथात तो तपशिलाने दिला आहे. ख्रिस्ती घरात तुळस लावायची नाही. पुरुषांनी पुडवें (धोतर) नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. आणि भात शिजवताना त्यात मीठ घातलंच पाहिजे, कारण भात अळणी शिजवून मीठ वरून घ्यायची रीत हिंदूंची! माझ्या मते श्रद्धेचा याहून मोठा अपमान दुसरा नाही. क्रूसावर मेलेल्या प्रभूची भक्ती भाताच्या मिठावर तोलायची?

मूळ हीच कसोटी धरली, तर आमचं काय उरेल? लग्नाच्या आदल्या दिवशीचं उंबराचं पाणी जाईल, हळद जाईल. खोबऱ्याचं सारण भरून कडेने कातण फिरवलेली नेवरी दिवाळीच्या करंजीची सख्खी बहीण, तीही जाईल. सासष्टीतल्या राय गावात ५ ऑगस्टला आणि ताळगावात २१ ऑगस्टला नव्या भाताची कणसं कापून देवळात आशीर्वादासाठी नेतात, मुंबईचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात. पहिलं पीक देवाला दाखवायची ही रीत ख्रिस्ताचं नाव या किनाऱ्यावर येण्याच्या कितीतरी आधीची असणार. शेतकरी तोच, भात तोच. आभार कुणाचे मानायचे ते बदललं. फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचलं, रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली. ओवी काय नि कीर्तन काय, दोन्ही आधी दुसऱ्या देवाच्या दारी वाढलेली. म्हणून ती नाकारली असती, तर मराठी ख्रिस्ती माणूस आजही उसन्या सुरात प्रार्थना करत बसला असता.

याचा अर्थ सगळंच चालतं, असा मी घेत नाही. मूर्तीला दाखवलेलं मांस खावं की नाही, हा प्रश्न करिंथच्या चर्चमध्येही होता, आणि पौलाने तिथे खाणं आणि पूजेत भाग घेणं यांत फरक केला. मीही तो पाळते. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी मंडप सजवते, पंगतीत वाढते. आरतीला मागे शांत उभी राहते, तबकावर हात फिरवत नाही. मंडळातल्या कुणीही आजवर याचा राग धरलेला नाही. मैत्री सगळ्यांशी करता येते, गुडघे एकापुढेच टेकता येतात. आणि ज्या मुलाला नाताळचं झाड, चांदणी मनापासून खटकतात, त्याने ती लावू नयेत. पौलाचा तोच अध्याय त्याच्याही बाजूने उभा आहे. फक्त त्याने आपल्या आईला मूर्तिपूजक म्हणू नये.

मंडळातल्या ख्रिस्ती आईवडिलांना माझी एक विनंती आहे. हा इतिहास मुलांना तुम्ही स्वतः सांगा, त्यातला वादाचा भागही न लपवता सांगा, आणि कॉलेजला पाठवण्यापूर्वी सांगा. ज्या मुलांनी नाताळ सोडला आहे, त्यांनाही २५ तारखेला जेवायला बोलवा.