लोखंडी नांगराचा धडा

पाणीटंचाई, लहरी पाऊस हे जगाचे प्रश्न म्हणून आपण वर्तमानपत्रात वाचतो. आमच्या मुडबीच्या शिवारात ऐन बहरात तुरीची फुले गळाली, की तेच घरचे प्रश्न होतात. नवी यंत्रे हे सारे सोडवतील, असे काही मित्र म्हणतात. मला ते अर्धेच पटते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला. पण लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. ते पटवीत राहिले, म्हणूनच १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. इस्राएलमध्ये विकसित झालेले ठिबक सिंचन जळगावच्या भवरलाल जैनांनी आपल्याकडे रुजवले, तेही शेतकऱ्याला सोबत घेऊनच. ही चिकाटी यंत्राबरोबर विकत मिळत नाही.

मित्रहो, पदवी हाती पडताच आपण पुणे-हैदराबादची वाट धरतो. नोकरी जरूर करावी. पण आपल्यातल्या एखाद्याने तरी परत यावे, दोन एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याला परवडेल असे साधन बनवावे आणि त्याच्या बांधावर उभे राहून ते चालवून दाखवावे. खरा उद्योजक मी त्यालाच म्हणेन.