घरकुल कोणाचे आणि कारभार कोणाचा?

सार्वजनिक गृहनिर्माण म्हणजे शासनाच्या जागेवर, शासनाच्या पैशाने किंवा शासनाच्या अनुदानातून गरीब कुटुंबांसाठी उभी राहणारी घरे, ज्यांना महाराष्ट्रात सर्रास घरकुल म्हटले जाते. या घरांचा हिशेब आजवर प्रामुख्याने मंजूर किती, सुरू किती आणि पूर्ण किती या तीन रकान्यांत मांडला गेला आहे. स्लॅब झाला, अखेरचा हप्ता खात्यात जमा झाला आणि पूर्ण घराचे छायाचित्र संगणकावर चढले की शासनाच्या दृष्टीने काम संपते. त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाचे प्रश्न मात्र तेथूनच सुरू होतात. भिंतीची ओल, छताची गळती, सांडपाण्याची वाट आणि शौचालयाच्या खड्ड्याचा उपसा यांची जबाबदारी पुढची तीस-चाळीस वर्षे कोणी वाहायची, याचे उत्तर या तीनपैकी एकाही रकान्यात नसते. ते उत्तर रहिवाशांच्या संघटित कारभारात आहे, आणि नगरपरिषद, पंचायत समिती, अभियंते, गवंडी, बचत गट व पर्यावरणाची जबाबदारी असलेली खाती त्या कारभारात भागीदार म्हणून उतरल्याशिवाय कोणतेही घरकुल शाश्वत होऊ शकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. येथे शाश्वत हा शब्द तीन कसोट्यांच्या अर्थाने योजला आहे: घर टिकले पाहिजे, ते चालवण्याचा खर्च कुटुंबाला झेपला पाहिजे आणि त्या घरामुळे भोवतालच्या पाण्याला, मातीला व शेजाऱ्याला अपाय होता कामा नये.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे यांपैकी तिसऱ्या कसोटीला असाधारण महत्त्व आहे. उल्कापातामुळे बेसाल्ट खडकात तयार झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात येथील खारे, अल्कधर्मी सरोवर आहे. २००० साली हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२० साली सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. या सरोवरात पाणी येते, पण बाहेर वाहून जाण्यास त्याला वाट नाही. नदीकाठच्या गावाची घाण निदान पुराबरोबर पुढे जाते. विवराकडे उतार असलेल्या वस्तीतून जे आत उतरेल ते मात्र आतच साचते. शहराच्या सांडपाण्याचा सरोवरावर होणारा परिणाम हा संवर्धनाच्या चर्चेतील जुना विषय असून, सरोवराच्या रक्षणाचा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेलेला आहे. घरकुलाच्या मोरीतले पाणी आणि जागतिक मोलाचा हा ठेवा यांच्यामध्ये लोणारात फार तर एका नालीचे अंतर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे घरांच्या कारभाराचा प्रश्न केवळ लाभार्थ्यांचा खासगी प्रश्न उरत नाही.

या प्रतिपादनावर घेतले जाणारे आक्षेप आधी नीट मांडणे आवश्यक आहे. प्रतिपक्षाच्या म्हणण्याच्या अशा मांडणीलाच शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष म्हणतात. पहिला पूर्वपक्ष असा की लोणारसारख्या लहान गावात सहभागाची मागणीच अप्रस्तुत आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागात अशा नगरपरिषदांसाठी मुख्य उपयोगाचा घटक म्हणजे लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणे. त्यासाठी केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये टप्प्याटप्प्याने थेट त्याच्या बँक खात्यात येतात. तालुक्यातील खेड्यांत योजनेच्या ग्रामीण विभागातून सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. रमाई आणि शबरी या राज्याच्या आवास योजनांची घरेही त्याच वस्त्यांत उभी राहतात. जेथे लाभार्थी स्वतःच मालक आणि स्वतःच बांधकाम करवून घेणारा, तेथे आणखी सहभाग तो कसला, असे विचारले जाते.

हा युक्तिवाद घराच्या चार भिंतींपाशी थांबतो. जोते, चौकट, छत या प्रत्येक टप्प्यानंतर हप्ता मिळत असल्याने कामाचा वेग हप्ता ठरवतो, हप्ता उशिरा आला की कुटुंब उसनवारी करते आणि उसनवारी वाढली की सिमेंट, सळई व गवंड्याची मजुरी यांत काटकसर सुरू होते. स्लॅबचेच उदाहरण घेतले तर, तो टाकल्यावर वरच्या पृष्ठभागावर मातीची किंवा सिमेंटची आळी करून त्यांत पाणी साठवून ठेवावे लागते. साध्या सिमेंटला असे पाणी किमान सात दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस मिळाले नाही तर काँक्रीट अपेक्षित बळ धरत नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या भेगांतून गळती लागते. पारा चाळीस अंशांच्या वर असताना, टँकरवर अवलंबून असलेल्या एकट्या कुटुंबाला दहा दिवस ही आळी भरती ठेवणे जमत नाही. एका गल्लीतल्या दहा कुटुंबांनी स्लॅबच्या तारखा आणि पाण्याचा टँकर मिळून ठरवला तर ते जमते. काळ्या जमिनीत पाया मुरमापर्यंत नेणे, विटा व गिट्टी घाऊक भावाने आणणे, सांडपाण्याच्या नळीला उतार देणे आणि शोषखड्ड्याला जागा ठेवणे ही कामेही एकट्याची नाहीत. घराचा मालक एक असू शकतो, पण नालीचा, गल्लीचा आणि खालच्या उताराचा मालक एक कधीच नसतो.

दुसरा पूर्वपक्ष ज्ञानाचा आहे. बांधकाम, भूजल आणि मलनिस्सारण हे तज्ज्ञांचे विषय असून अल्पशिक्षित रहिवाशांच्या मताने ते चालवणे धोक्याचे आहे, असे अनेक अधिकारी प्रामाणिकपणे मानतात. या मताचे उत्तर महाराष्ट्राने स्वतःच दिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली, त्याचे मोठे कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे अवजड ओझे हे होते. जागतिक बँकेच्या साह्याने आखलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी हलवली गेली, तर ज्या गावांत हानी कमी होती तेथे घरमालकांनी अनुदान घेऊन आपली घरे स्वतः दुरुस्त व मजबूत करावीत असे ठरले. या दुसऱ्या भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साह्याने महिला मंडळांतील स्त्रिया संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या आणि शासन, अभियंते व कुटुंबे यांच्यामधला दुवा बनल्या. माळवदावरील मातीचा थर कमी का करायचा, भिंतीची दोन्ही तोंडे आरपार दगडाने का बांधायची आणि काँक्रीटचा पट्टा कोठे फिरवायचा, हे त्यांनी शिकून घेतले व घरोघर समजावून सांगितले. तज्ज्ञता येथे नाकारली गेली नव्हती, ती उंबरठ्यापर्यंत पोहोचवली गेली होती. उलट हलवलेल्या गावांपैकी अनेक ठिकाणी रुंद रस्त्यांची चौकटबंद आखणी शेतकरी कुटुंबाच्या गोठ्याला, अंगणाला आणि शेजाराला जुळली नाही, अशी टीका अभ्यासकांनी पुढे वारंवार केली. तज्ज्ञाला भिंत कळते, त्या भिंतीआड संसार कसा चालतो हे रहिवाशाला कळते, आणि घराला या दोन्ही ज्ञानांची गरज असते.

तिसरा पूर्वपक्ष वेळेचा आणि पैशाचा आहे: सभा, मसलती आणि सहमती यांत उद्दिष्ट मागे पडते, महागाई वाढते आणि बेघर माणूस बेघरच राहतो. ही चिंता खोटी नाही, कारण विलंबाची किंमत गरिबालाच मोजावी लागते. तथापि सहभागाशिवाय वाचवलेला वेळ पुढे कसा वसूल होतो, हे मुंबईतील पुनर्वसन वसाहतींनी दाखवले आहे. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या वसाहतींत इमारती एकमेकींच्या इतक्या जवळ उभारल्या गेल्या की खालच्या मजल्यांवर उजेड व वारा पुरेसा पोहोचत नाही. २०१८ साली पुढे आलेल्या डॉक्टर्स फॉर यू या संस्थेच्या अभ्यासाने या रचनेचा संबंध तेथील क्षयरोगाच्या प्रादुर्भावाशी जोडला. तेथे वाचलेल्या वेळेचा हिशेब आज रुग्णालयाच्या केसपेपरवर लिहिला जात आहे.

याउलट पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांत, २००५ साली सुरू झालेल्या केंद्रीय नागरी नवनिर्माण अभियानांतर्गत, महिला मिलन व स्पार्क या संस्था आणि वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी रहिवाशांबरोबर बसून सुमारे २७० चौरस फुटांच्या घरांचे आराखडे ठरवले. कच्ची घरे होती त्याच जागी पक्की झाली, शेजार मोडला नाही आणि कुटुंबांनी खर्चाचा सुमारे दहावा हिस्सा स्वतः उचलला. सोलापूरजवळ कुंभारी येथे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांनी सहकारी संस्था स्थापून दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली, जिच्या घरांच्या किल्ल्या २००६ साली देण्यात आल्या. त्याच परिसरातील ३० हजार घरांच्या रे नगर प्रकल्पातील पहिली १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी सुपूर्द झाली. संघटित रहिवासी मोठी संख्या गाठू शकत नाहीत, हा समज सोलापूरने खोटा ठरवला आहे.

चौथा पूर्वपक्ष सर्वांत गंभीर आहे. रहिवाशांची समिती म्हणजे प्रत्यक्षात गावपुढाऱ्याची, ठेकेदाराची किंवा बहुसंख्य जातीची समिती होते, आणि सहभागाच्या नावाखाली अधिकाऱ्यांना जबाबदारी झटकण्याची सोय मिळते, असा हा आक्षेप आहे. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरचा दाखला या आक्षेपाला बळ देतो. नगरपालिकेच्या मालकीच्या त्या इमारतीचा कारभार भाडेकरू व्यवस्थापन संस्था असे नाव असलेल्या संघटनेकडे होता. रहिवाशांच्या एका गटाने धोक्याचे इशारे वारंवार दिले, ते दुर्लक्षिले गेले आणि १४ जून २०१७ च्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. हा आक्षेप स्वीकारूनच पुढे गेले पाहिजे. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष सहभाग सोडून देण्याचा नाही. ग्रेनफेलमध्ये पाटी रहिवाशांची होती, पण हिशेब मागण्याचा, काम थांबवण्याचा आणि उत्तर मिळवण्याचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता. सह्या आणि हजेरी यांच्यापुरता उरलेला सहभाग फसवा असतो, म्हणून सहभागाला अधिकार, माहिती आणि निधी यांची जोड द्यावी लागते.

हीच जोड लहान शहरांत आज सर्वांत दुबळी आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरत्या. लोणार त्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. खेड्यात निदान ग्रामसभा लाभार्थ्यांची यादी तपासू शकते आणि योजनेच्या सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे लाभार्थ्यांनीच केलेल्या जाहीर हिशेब-तपासणीची, तरतूद आहे. शहरी मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्राने २००९ च्या कायद्याने केली खरी, परंतु ती व्यवहारात फारशी उतरली नाही. परिणामी लोणार तालुक्यातल्या खेडुताला जे व्यासपीठ आहे ते लोणार शहरातल्या घरकुलधारकाला नाही. कायद्याने दिलेली क्षेत्रसभा नगरपरिषदेने नियमित बोलावणे, ही म्हणूनच पहिली पायरी ठरते.

दुसरी पायरी गल्लीनिहाय रहिवासी गटाची. पंधरा-वीस घरकुलांचा असा गट बांधकामापूर्वीच स्थापन व्हावा, त्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया असाव्यात आणि भाडेकरूंना व अल्पसंख्य जातींच्या कुटुंबांना राखीव स्थान असावे, म्हणजे चौथ्या आक्षेपातील मक्तेदारीला आळा बसेल. साहित्याची घाऊक खरेदी, स्लॅबच्या तारखा, सांडपाण्याच्या नळीचा उतार आणि खड्ड्यांची जागा हे निर्णय गटाने अभियंत्याच्या उपस्थितीत घ्यावेत. प्रत्येक गटातील दोन-तीन जणांना किल्लारीतील संवाद सहायकांच्या धर्तीवर प्रशिक्षण व मानधन मिळावे, कारण फुकटची सेवा दीर्घकाळ टिकत नाही.

तिसरी पायरी निधीची. या घरांकडून जमा होणाऱ्या घरपट्टीचा ठरावीक हिस्सा त्याच गल्लीच्या देखभाल निधीत परत यावा, गटाने त्यात अल्प मासिक वर्गणीची भर घालावी आणि खाते बचत गटाच्या शिस्तीने, वर्षातून एकदा जाहीर वाचनाने चालवावे. नाली उपसणे, खड्डा रिकामा करणे आणि छताची दुरुस्ती यांसाठी प्रत्येक वेळी नगरसेवकाच्या दारी जावे लागणे हे नागरिकत्वाला शोभणारे नाही.

चौथी पायरी भागीदार खात्यांची, आणि लोणारात ती विशेष महत्त्वाची आहे. दैत्यसूदन मंदिरासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम कायद्याने प्रतिबंधित आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगीशिवाय ते करता येत नाही. जुन्या वस्तीतील पात्र कुटुंबाला हे हप्ता अडल्यावर कळण्याऐवजी यादी ठरतानाच कळले पाहिजे आणि पर्यायी जागेचा मार्गही त्याच बैठकीत निघाला पाहिजे. म्हणून पुरातत्त्व सर्वेक्षण, वनविभाग, महसूल आणि नगरपरिषद यांचे प्रतिनिधी गटांसमोर एकत्र बसावेत. सरोवराच्या संवर्धनाविषयीच्या प्रत्येक शासकीय समितीत उतारावरील रहिवासी गटांचा प्रतिनिधी असावा आणि सरोवराकडे जाणाऱ्या नाल्यांच्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष गटांना मराठीत वाचून दाखवले जावेत. सरोवराच्या नावाने केवळ नोटिसा मिळालेली वस्ती सरोवराला अडचण समजू लागते. त्याच्या रक्षणाचा अधिकार मिळालेली वस्ती त्याची पहिली पहारेकरी होते.

या चारही पायऱ्यांना नवी मोठी योजना लागत नाही. अस्तित्वात असलेला कायदा, घरपट्टी, बचत गट आणि अभियंते यांची सांगड घालण्याची राजकीय व प्रशासकीय इच्छा लागते. घरकुल पूर्ण झाल्याचा दाखला बांधकामाच्या दिवशी देऊन शासनाने मोकळे होऊ नये. पाच वर्षांनी छत गळत नाही, खड्डा नालीत फुटत नाही आणि दुरुस्तीसाठी गटाच्या खात्यात पैसे आहेत, हे रहिवाशांनी आपल्या सभेत मान्य केल्यावरच ते घर शाश्वत म्हणून मोजले जावे. लोणारने हा हिशेब सुरू केला तर विवराच्या काठावरील गरीब वस्ती आणि विवरातले सरोवर यांना एकमेकांचे शत्रू ठरवणारा वाद निराधार होईल, आणि महाराष्ट्रातील शेकडो लहान नगरपरिषदांना घरे बांधण्यापलीकडचे, घरे चालवण्याचे, एक अनुकरणीय उदाहरण मिळेल.