छापून झालं, पण साफ कोण करणार?

मंडळी, थ्रीडी प्रिंटिंगचा एखादा व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. नोझल इकडून तिकडे पळतंय, थरावर थर चढतोय, दहा तासांचं काम तीस सेकंदांत! आणि शेवटी चकचकीत पार्ट गोल गोल फिरताना दिसतो. पण मशीन थांबलं तो क्षण आणि पार्ट चकचकीत दिसला तो क्षण, या दोघांच्या मधे एक कट असतो. आजची पोस्ट त्या कटबद्दल.

त्या कटमध्ये काय काय होतं बघा. पार्ट रेझिनचा असेल तर तो चिकट, ओला बाहेर येतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, वाळवा, अतिनील प्रकाशात पक्का करा. हे रेझिन कातडीला वारंवार लागलं की काहींना कायमची ॲलर्जी जडते, आणि ते अल्कोहोल खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकतं. फिलामेंटचा पार्ट असेल तर सपोर्ट पक्कडीने तोडा, नाहीतर विरघळणारे सपोर्ट वापरून पार्ट तासन्‌तास गरम अल्कलीत बुडवून ठेवा. नायलॉन पावडरचा असेल तर ढिगाऱ्यातून उकरून काढा, ब्रश मारा, ब्लास्टिंग करा. धातूचा असेल तर आतल्या वाकड्यातिकड्या नळ्यांत बारीक पावडर अडकून बसते. ती काढणं म्हणजे बाटलीतून चिंच काढण्यासारखं!

चार्ल्स हल यांना स्टिरिओलिथोग्राफीचं पेटंट मिळालं १९८६ साली. त्यानंतर सगळ्यांचं डोकं चाललं ते छापण्याचा वेग कसा वाढवायचा, यावर. फक्त साफसफाईची ऑटोमॅटिक यंत्रं हाच धंदा असलेल्या कंपन्या ठळकपणे दिसू लागल्या त्या २०१० नंतर. अमेरिकेत बफेलोची पोस्टप्रोसेस, जर्मनीत ऑग्सबर्गची सोलुकॉन. तोपर्यंत पक्कड, ब्रश आणि एक गरीब पोरगा हीच 'पोस्ट-प्रोसेसिंग सिस्टीम' होती. बऱ्याच ठिकाणी अजून आहे.

मला याचं फारसं आश्चर्य वाटत नाही, कारण मी गडमुडशिंगीचा. आमच्या गावापासून गोकुळ शिरगावची एमआयडीसी जवळ, त्यामुळे कुणाचा भाऊ मोल्डिंगला, कुणाचा दाजी मशीन शॉपला, असं घरोघरी चालतं. फाउंड्रीत या साफसफाईला 'फेटलिंग' म्हणतात. ओतकाम थंड झालं की साचा फोडायचा, रनर-रायझर तोडायचे, शॉट ब्लास्टिंगला घालायचं, आणि मग हातात ग्राईंडर घेऊन उरलेल्या कडा घासत बसायचं. आवाज, ठिणग्या, धूळ. फाउंड्रीतल्या कुणालाही विचारा, मुलाला कुठल्या खात्यात चिकटवशील? फेटलिंगचं नाव तो शेवटी घेईल, बहुधा घेणारच नाही.

माझे एक मामा बरीच वर्षं एका फाउंड्रीत सुपरवायझर होते. ते म्हणतात, "आरं, मोल्डिंगला नवीन मशीन आलं की पूजा, पेढे, फोटो. आन् फेटलिंगवाल्यानं मास्क मागितला की म्हणत्यात, मागच्या म्हैन्यात तर दिलावता की!"

आता थोडा इतिहास. वाळूच्या झोताने साफ करण्याचं पेटंट टिल्घमन नावाच्या अमेरिकन माणसाने १८७० मध्ये घेतलं. १९३० च्या दशकात चाकाने धातूचे छर्रे फेकणारी बंद यंत्रं आली. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतकाम साफ करायला वाळूचा झोत वापरणं बंद केलं, कारण सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही सिलिकोसिस हा सरकारला कळवायलाच हवा अशा रोगांच्या यादीत होता. म्हणजे यंत्र आहे, कायदा आहे, आजाराचं नावसुद्धा आहे. तरी ग्राईंडर माणसाच्या हातातच का राहिला?

एक कारण पैशाचं. हे काम बऱ्याचदा ठेक्याने जातं, दर वजनावर किंवा नगावर. वजनावर असेल तर गंमत बघा (गंमत कसली!). जाडजूड ठोकळा लवकर साफ होतो आणि किलो भरपूर भरतात. नाजूक, भोकाभोकांचा पार्ट दिवस खातो आणि वजन भरत नाही. म्हणजे डिझाईन जितकं 'स्मार्ट', तितकी घासणाऱ्याची मजुरी कमी.

दुसरं कारण खरंखुरं तांत्रिक आहे. रोबोटला दर वेळी तोच पार्ट, त्याच जागी, तसाच धरलेला लागतो. आमच्याकडे आज हा जॉब, उद्या तो. प्रत्येकासाठी फिक्श्चर कोण बनवणार? आणि प्रोटोटाईप म्हणजे तर एकच नग!

पण रॅपिड प्रोटोटाईपबाबत एक गोष्ट आपण विसरतो. तो पार्ट एकटा येत नाही, त्याच्याबरोबर त्याची कॅड फाईल असते. सोलुकॉनच्या यंत्रांसाठी सीमेन्सने एक सॉफ्टवेअर लिहिलंय. ते फाईल वाचून ठरवतं, की पार्ट कुठल्या क्रमाने कसा कसा फिरवला म्हणजे आतली पावडर भूलभुलैयातून गोळी निघावी तशी बाहेर पडेल. यंत्र मग बंद पेटीत तसं फिरवतं आणि थरथरवतं. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. हा मेकॅनिकलवाल्यांचा प्रश्न नाहीच राव, हा आपला प्रश्न आहे!

तर माझं म्हणणं असं. फाउंड्रीत वाळूचे साचे थेट छापायचं तंत्र आता आलंय. पॅटर्न बनवायला जाणारे आठवडे वाचतात, पहिलं ओतकाम काही दिवसांत हातात येतं, मस्तच. पण छापलेल्या कोअरच्या पोटातली सुटी वाळू कुणीतरी ब्रश आणि व्हॅक्युम घेऊन काढतंच, आणि ती बहुतेक वेळा तीच सिलिका. म्हणून ज्याला प्रिंटर घ्यायचाय त्याने साफसफाईचं यंत्र आणि धूळ ओढणारी व्यवस्था त्याच कर्जात, त्याच दिवशी घ्यावी. परवडत नसेल तर प्रिंटर लहान घ्यावा. 'ते नंतर बघू' म्हणून ठेवलेलं साफसफाईचं यंत्र येत नसतं. आपल्या प्रोजेक्टमधलं 'टेस्टिंग नंतर बघू' आठवा :-)

आणि दुसरं काम आपल्या लोकांचं. स्लायसर उघडला की तो सांगतो, चार तास बारा मिनिटं, इतके ग्रॅम मटेरियल. सपोर्ट काढायला किती मिनिटं लागतील, हे सांगत नाही. का नाही? सपोर्ट कुठे चिकटलेत, किती पृष्ठभाग घासावा लागेल, कुठे हत्यार पोचणार नाही, हे सगळं त्याच फाईलमध्ये आहे. पुण्यात एसीत बसलेला डिझायनर पार्ट तीस अंशांनी फिरवून छापायला घालतो आणि गोकुळ शिरगावात कुणाचा तरी अर्धा तास वाढतो किंवा वाचतो. तो आकडा स्क्रीनवर दिसला, तर निदान दहातला एक डिझायनर तरी पार्ट वळवून बघेल.

"म्हणजे फेटलिंगवाल्यांच्या पोटावर पाय?" असं कुणी विचारेलच. प्रश्न खोटा नाही. यंत्र आलं की सहा माणसांच्या जागी दोन उरतात, आणि ठेक्यावरच्या माणसाला नोटीस वगैरे काही मिळत नाही. पण कुठली कडा पुढे मशीन शॉपला त्रास देणार, हे ग्राईंडरवाल्याला बोटाने कळतं. नव्या यंत्राला ऑपरेटर लागतोच. तो बाहेरून डिप्लोमावाला आणण्याऐवजी यांच्यातलाच घेतला आणि पगारावर घेतला, तर मला हे यंत्र मान्य आहे. नुसती माणसं कमी करायला आणलं, तर नाही.

माझा मावसभाऊ सध्या प्रिंटरची कोटेशनं घेतोय. त्याला एकच सांगितलंय, डेमोला त्यांचा फुलदाणीचा नमुना बघत बसू नकोस. आपला सगळ्यात किचकट पार्ट दे, घड्याळ लाव, आणि पार्ट धुऊन-पुसून हातात येईपर्यंत बंद करू नकोस. एका विक्रेत्याने अजून उलटा फोन केलेला नाही. दुसरा पुढच्या महिन्यात येतोय.