दोन हायड्रोजन जातात कुठे?

डेल्टा-वन डीहायड्रोजनेशनवर लेख मागवले की बहुतेक जण स्ट्रेनचीच गोष्ट पाठवतात. जनुकाच्या किती प्रती घातल्या, प्रमोटर कोणता लावला, प्रथिन किती पट वाढले. हवेबद्दल एखादी ओळ असते, तीही 'साहित्य व पद्धती'त दडलेली. आज त्या ओळीविषयीच लिहायचे आहे.

३-कीटोस्टेरॉइड डेल्टा-१-डीहायड्रोजनेज हे मुळात मोडतोडीचे एन्झाइम. स्टेरॉलवर जगणारे ऱ्होडोकॉकस, मायकोबॅक्टेरियम यांसारखे जिवाणू चार वलयांचा सांगाडा फोडताना पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध आणतात आणि नवव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल बसवतात. ही दोन्ही कामे झाली की 'बी' वलय आपोआप उघडते. क्षयाचा जिवाणू यजमानाचे कोलेस्टेरॉल पचवतो तो याच वाटेने. गंमत अशी की क्षयाच्या मेनिन्जायटिसमध्ये दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनमध्येही तोच दुहेरी बंध आहे.

शेरिंग कंपनीत आर्थर नोबाइल आणि सहकाऱ्यांनी त्यातले पहिले काम तेवढे उचलले. त्यांचे निष्कर्ष १९५५ साली प्रसिद्ध झाले. कोरिनेबॅक्टेरियम सिम्प्लेक्सने (आताचे नोकार्डिऑइड्स; जुनी मंडळी अजून आर्थ्रोबॅक्टरच म्हणतात) कॉर्टिसोनचे प्रेडनिसोन करून दिले, हायड्रोकॉर्टिसोनचे प्रेडनिसोलोन. २० मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोनचे काम ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोनमध्ये होऊ लागले, शिवाय शरीरात मीठ साठण्याचा त्रास कमी.

पण काढलेले दोन हायड्रोजन जातात कुठे? ऱ्होडोकॉकस एरिथ्रोपोलिसच्या एन्झाइमची स्फटिकरचना २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानुसार एक टायरोसिन दुसऱ्या कार्बनवरचा प्रोटॉन ओढतो आणि पहिल्यावरचा हायड्राइड एफएडीवर जातो. भरलेली एफएडी रिकामी झाल्याशिवाय एन्झाइम पुढचा रेणू हाती घेऊ शकत नाही. जिवंत पेशीत हे इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीतून अखेर ऑक्सिजनवर पोचतात. म्हणजे प्रेडनिसोलोनच्या दर रेणूमागे ऑक्सिजनचा अर्धा रेणू, आणि पेशीच्या स्वतःच्या श्वसनाला लागेल तो वेगळा.

आता हिशोब करा. लिटरला १० ग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन पूर्ण उतरवायला सुमारे ४४० मिग्रॅ ऑक्सिजन लागतो. ३० अंशांना हवेने संपृक्त पाण्यात तो असतो लिटरला जेमतेम साडेसात मिग्रॅ. जवळजवळ साठपट ऑक्सिजन बॅच चालू असताना आत ढकलायचा आहे, तोही कणांनी गढूळ झालेल्या द्रवात. अशा टाकीत एन्झाइम दुप्पट केले म्हणजे पाणी नसलेल्या नळाला दुसरी तोटी बसवली!

तुटवड्याची किंमत फक्त वेळेत मोजावी लागत नाही. ऑक्सिजन संपला की ही अभिक्रिया उलटी फिरू शकते आणि तयार माल पुन्हा हायड्रोकॉर्टिसोनकडे सरकतो. विसाव्या कार्बनवरच्या कीटोनचे क्षपण होऊन येणारी अशुद्धी वेगळीच. ती काढताना शुद्धीकरणवाल्यांचा जीव जातो. वाळवलेल्या पेशींत मेनॅडिओन घालून इलेक्ट्रॉनांना वाट करून देण्याची युक्ती जुनी आहे आणि मला ती अजूनही कमी लेखली गेलेली वाटते.

विद्राव्यतेचा घोळ याच्याच जोडीचा. हायड्रोकॉर्टिसोन पाण्यात लिटरला ०.३ ग्रॅमच्या आसपासच विरघळते, बाकीचे कण म्हणून तरंगते. बारीक दळण, सहद्रावक, सायक्लोडेक्स्ट्रिन हे उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत. मात्र सहद्रावक म्हणून घातलेले इथेनॉल पेशींनी खाल्ले तर त्यालाही ऑक्सिजन लागणार, हे ताळेबंदात कुणी धरत नाही.

म्हणून या विषयावरच्या लेखांसाठी पुढील अंकापासून नियम केला आहे. विरघळलेल्या ऑक्सिजनचा बॅचभराचा आलेख, ऑक्सिजन हस्तांतरणाचा गुणांक आणि सबस्ट्रेटच्या कणांचा आकार द्यावा लागेल. फ्लास्कमधले आकडे देणाऱ्यांनी फ्लास्क किती भरला होता आणि शेकर किती फेऱ्यांवर होता, तेही लिहावे. एवढे नसेल तर स्ट्रेन कितीही नवा असो, लेख परत येईल.